सोनाजीची खुर्ची

माझ्या नातीचं, पुनमचं बारसं झालं त्या साली सोनाजीचा रविंद्र कतारला गेला, इमारतीच्या लोखंडकामावर. त्याआधी सोनाजी आणि आम्ही सगळे वारंगुळ्यानं हळद काढायचो. आज तो आमच्या वावरात, उद्या आम्ही त्याच्या. गाव त्याला सोन्या म्हणायचं.

रविंद्रच्या पैशानं घरावर स्लॅब पडला तसा तो सोनाजीराव झाला. लग्नात त्याला पहिल्या ओळीत बसवून फेटा बांधू लागले. एका वर्षी वारंगुळ्यातल्या हरिचंदची बायको निर्मलाबाई वारंगुळ्याचं बोलावणं घेऊन गेली, तर सोनाजीच्या गोजरबाईनं दारातूनच सांगितलं, हे आता कुणाच्या वावरात जात नसतात. तेव्हापासून सोनाजी मजूर लावायचा.

पुनम पहिलीत गेली आणि रविंद्र परत आला. तिकडच्या उन्हात किडन्या गेल्या होत्या. पोरगं सुट्टीवर आलंय, असं सोनाजी सांगायचा. नांदेडच्या दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्यावर लपायचं काही राहिलं नाही.

माघात त्याच्या हळदीचा पाला कापून झाला. उन्हानं भुई रोज टणक होत होती. सगळ्यांचा हंगाम एकच, मजूर मिळेना. हळद निघाली तरच पुढचा दवाखाना होता. सोनाजी कुदळ खांद्यावर टाकून हरिचंदच्या वावरात आला. माझे गुडघे गेलेले, मी बांधावर बसलो होतो.

"हरिचंद, मला वारंगुळ्यात घे. आज तुझी काढू, उद्या माझी."

हरिचंद आखाड्यावरच्या खोपीतून प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला.

"बसा सोनाजीराव. तुमी काहून माती उकरून राहिले? आमाला बरं दिसत न्हाई ते."

"अरे, मी सोन्याच हाय."

निर्मलाबाईनं मान वर केली नाही. कंदाची माती झाडता झाडता म्हणाली, "गोजरबाईनं सांगितलंय ना भावजी, तुमी जात नसता कुणाच्या वावरात."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सोनाजीनं खुर्चीवर बसून चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि गेला.

चार-दोन सऱ्या नवरा-बायकोनं उकरल्या. बाकीची हळद जमिनीतच राहिली.

रविंद्रच्या मातीला सारा गाव आला. लाकडं फोडायला, खांदा द्यायला हात कमी पडले नाहीत. हरिचंदनं तीच खुर्ची आणली. सोनाजी बसला.

रविंद्र पाडव्याच्या आदल्या दिवशी, अमावास्येला सकाळी वारला. सोनाजी त्यानंतरच्या ज्येष्ठात.