दयारामाची ओळ

एक वेळ भटजी उशिरा आला तरी चालेल, पण गंगाबाई धवलारीण आल्याशिवाय तळखार गावात कुणाला हळद लागत नाही. हल्ली डीजे येतो, ड्रोनवाला येतो, नवीन पनवेलहून मेकअपवाली येते. पण या सगळ्यांच्या आधी मांडवात पाटावर बसून धवले गाते ती गंगाबाई. देवांना, गावच्या शिवेला आणि मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन ती लग्नाला बोलावते. प्रत्येक नावामागून बाया ‘आला गो आला’ म्हणतात, की ते माणूस मांडवात येऊन बसलं असं समजायचं. ज्याचं नाव राहिलं तो दाराबाहेर ताटकळतो, असं तिची सासू सांगायची. हे सगळे धवले त्या सासूकडूनच तिच्याकडे आले होते.

फक्त एक ओळ तिची स्वतःची होती. पंधरा वर्षांपूर्वी गावची खारजमीन आणि मिठागरं संपादनात गेली. मोजणीच्या दिवशी बांधावर रेटारेटी झाली, मोजणी अडवायला उभ्या राहिलेल्या दयारामाच्या डोक्याला मार लागला आणि आठव्या दिवशी तो गेला. त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात, जुन्या पिढीतल्या काशिरामबुवांचं नाव झाल्यावर आणि उंबराच्या झाडाला बोलावण्याआधी, गंगाबाईच्या तोंडून आपसूक निघालं, ‘बांधावरच्या दयारामा, ओल्या पायी मांडवी ये.’ बायांनी क्षणभर एकमेकींकडे पाहिलं आणि ‘आला गो आला’ म्हटलं. तेव्हापासून ती ओळ गावची झाली. त्यात काही शौर्य केलं असं गंगाबाईला कधी वाटलं नाही. माणूस मेला म्हणून त्याचं आमंत्रण चुकवायचं नसतं, एवढंच तिला कळत होतं.

जमीन गेली तशी काहींची नशिबं उघडली. दयारामाचा चुलतभाऊ भगवान आधी भरावाची कामं घेऊ लागला, मग बिल्डर झाला आणि यंदा महापालिकेच्या तिकिटावर डोळा ठेवून बसला होता. असा भगवानशेठ चप्पल दाराबाहेर काढून गंगाबाईच्या घरात आला आणि पाणी मागून प्यायला, तेव्हाच तिने ओळखलं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्याच्या मुलाचं, प्रणितचं लग्न ठरलं होतं, मुलगी शिरढोणची. लग्नाला साहेब येणार होते. मोजणीच्या वेळी ज्यांचा शब्द चालायचा तेच साहेब, आणि तिकिटाचा शब्दही त्यांचाच. भगवानने इकडचं तिकडचं बोलून घेतलं, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग म्हणाला,

“मावशी, तेवढं एक नाव राहू दे. या एका लग्नापुरतं.”

जाता जाता त्याने दाराला चिकटवलेल्या नोटिशीवरून बोट फिरवलं. गंगाबाईचं घर गावठाणाच्या रेषेच्या चार हात बाहेर होतं आणि ते पाडायचा कागद महिन्यापूर्वी लागला होता. या कागदाचं मी बघतो, असं तो म्हणाला. धमकी दिली असती तर तिने त्याला झाडूने हाकललं असतं. पण तो मायेने बोलला.

पुढचे चार दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. भांडी घासताना ती धवला मनात म्हणून बघायची. काशिरामबुवांवरून थेट उंबरावर उडी मारायची, पण जीभ आपली दयारामाकडेच वळायची. एका दुपारी ती दयारामाच्या बायकोकडे, चंद्रावतीकडे गेली. सांगून टाकावं, तिनेच ‘राहू दे’ म्हणावं आणि आपण सुटावं, असा तिचा लबाड हिशेब होता. चंद्रावतीने चहा केला, मोरा बंदरातून आलेले सुके बोंबील बांधून दिले. गंगाबाई बोंबील घेऊन परत आली. सांगितलं काहीच नाही.

एकच तर लग्न आहे, तिने स्वतःला समजावलं. पुढच्या लग्नात त्याला दोनदा बोलावीन.

प्रणितच्या मांडवात तीन कॅमेरे होते. साहेब सोफ्यावर बसले होते आणि भगवान त्यांच्या कानाशी वाकून परंपरा समजावून सांगत होता. गंगाबाईने देव बोलावले, शीव बोलावली, काशिरामबुवांना बोलावलं. बाया दयारामाच्या नावासाठी श्वास घेत आहेत हे तिला ऐकू आलं, आणि तिने उंबराला हाक मारली.

काहीच झालं नाही. कुणी अडवलं नाही, कुणी उठलं नाही. बाया क्षणभर अडखळल्या, लगेच सावरल्या आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या. एवढं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

जेवणाच्या पंगतीत चंद्रावती तिच्याशेजारी येऊन बसली. तिने गंगाबाईच्या पाठीवर हात ठेवला.

“वय झालं गंगाबाय,” ती म्हणाली. “हुतं असं. मना काय वाटलं नाय.”

गंगाबाई ताटातला भात कालवत राहिली. शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं.

घर वाचलं. नोटीस कुणीतरी येऊन काढून नेली आणि दुसरी आली नाही. इकडे भगवानच्या माणसांनी तिच्या गाण्याचा व्हिडिओ ‘आमची संस्कृती’ म्हणून मोबाईलवर सोडला, आणि तो उरणपासून पनवेलपर्यंत पसरला. गावातल्या, नवीन पनवेलच्या सेक्टरांतल्या पोरी तो ऐकून धवले शिकू लागल्या. ज्या पोरींना डीजेपुढे धवला ऐकूच येत नव्हता, त्या आता शब्दन् शब्द म्हणत होत्या. गंगाबाईला याचा आनंद व्हायला हवा होता.

दोन महिन्यांनी धर्मराजच्या मुलीची हळद होती. धर्मराज साधा रिक्षावाला, त्याच्याकडे कुठला साहेब येणार? गंगाबाई हलक्या मनाने पाटावर बसली. पुढ्यात आठ-दहा पोरी, एका सुरात, आणि मागे बायांमध्ये चंद्रावती. नवरीची मावसबहीण मनिषा मोबाईलवर शूटिंग करत होती. काशिरामबुवा झाले आणि गंगाबाईने गळा मोकळा करून दयारामाला हाक मारली.

पोरी गप्प झाल्या. काहींनी उंबर सुरू केला आणि थांबवला.

“आजी, चुकलात तुम्ही,” मनिषा हळूच म्हणाली. “इथे हे नाव नाहीये.”

तिने एका मैत्रिणीच्या मोबाईलवर व्हिडिओ लावून समोर धरला. त्यात गंगाबाईच गात होती, खणखणीत आवाजात, कुठेही न अडखळता. काशिरामबुवा, आणि थेट उंबर. पोरी नम्रपणे वाट बघत होत्या. आजीचं वय झालं, हे त्यांनीही मनात धरलं असणार. मान डोलावली असती तर सगळं पार पडलं असतं. मनिषाच्या हातातला मोबाईल चालूच होता, आणि त्यात जे जाईल ते संध्याकाळपर्यंत भगवानकडे पोचेल, हे गंगाबाईला समजत होतं.

“मी चुकले नाय,” ती म्हणाली. “तवा ते नाव मुद्दाम गाललं. घर पडंल म्हनून भ्यायले. दयाराम या चंद्रावतीचा नवरा. आपल्या जमिनीपायी मेला. आता म्हना.”

तिने ओळ पुन्हा म्हटली. आवाज फाटला, तरी म्हटली.

मग एका पोरीने खालच्या आवाजात ‘आला गो आला’ म्हटलं, मागून दुसरीने, मग सगळ्यांनी. गंगाबाईने मागे वळून पाहिलं. सगळ्या बाया म्हणत होत्या. एकटी चंद्रावती ओठ मिटून तिच्याकडे बघत होती.