नवव्या बादलीतली नूलबेंगर

जीभ. टोकाला बारीक केस, ब्रशासारखे.

काडेपेटी, मर्ल मावशीच्या स्वेटरच्या खिशात.

वारा जमिनीकडचा. दुपारी समुद्राकडून फिरेल, असं रेडिओवर सांगितलं.

चहात साखर तीन चमचे.

रानात कोण राहतं ते कळावं म्हणून रात्रभर जमिनीत पुरलेल्या नऊ बादल्या. आठ रिकाम्या.

आमच्या घराण्याचं हे रान नवं फुटावं म्हणून मुद्दाम जाळतात, पण दोघी मावश्या हो म्हणाल्याशिवाय पहिली काडी ओढता येत नाही. मी रेंजर झाले, गणवेश मिळाला, तरी नाही. वारा फिरायच्या आत त्या एक झाल्या नाहीत, तर माझ्या हातची पहिली आग पुढच्या वर्षी.

नवव्या बादलीत नूलबेंगर होती, फुलांतल्या मधावर जगणारं उंदरासारखं जनावर. अंगठ्याएवढी, शेपूट अंगापेक्षा लांब, पोटाच्या पिशवीत पिल्लं. ग्लेनिस मावशीनं तिला तळहातावर घेऊन बँक्सियाच्या झाडाचं मधाळ फूल पुढे धरलं. ती लगेच चाटू लागली.

"बघ, जीभ अगदी माझ्या कवूरसारखी."

कवूर हे ग्लेनिस मावशीचं देवक, नूलबेंगर मर्ल मावशीचं. वर कवूर पोपटांचा थवा त्याच फुलांवर कलकलत होता. जांभळ्या टोप्या, तोंडं परागानं पिवळी.

"तुझ्या कवूरनं हिची चोरली असेल," मर्ल मावशी म्हणाली.

"सगळं रान पेटवू दे पोरीला," ग्लेनिस म्हणाली. " नवी झाडं येतील. कवूर तोवर दुसरीकडे खातील, मग येतील परत."

"आणि ही कशी जाईल? बसनं?"

"तुझ्यासारखीच आहे. जागा सोडणार नाही."

"आणि कवूर तुझ्यासारखा. आरडाओरडा करून तीस वर्षं पर्थला पळणारा."

"आले ना परत!"

"आलीस. घर होतं म्हणून."

मी घड्याळ बघितलं. तासभर उरला होता. मध्ये बोलले असते तर दोघींनी मिळून मलाच झाडलं असतं.

ग्लेनिसनं नूलबेंगरच्या पाठीवरून बोट फिरवलं. "रस्त्याकडचा उतार पेटव," ती मला म्हणाली. "खळग्यातल्या जुन्या झाडांना हात लावायचा नाही. आणि हे मी ठरवलं, हिनं नाही."

"बरं, बाईसाहेब," म्हणत मर्ल मावशीनं काडेपेटी माझ्या हातात ठेवली.

आग गुडघ्याएवढी, चालत्या माणसाच्या वेगानं उतारावरून गेली. ग्लेनिस मावशी नूलबेंगरला घेऊन खळग्यात उतरली आणि रिकाम्या हातांनी वर आली. मग आम्ही चहा प्यायलो.

खळग्यातली झाडं शेवटची जळली, तेव्हा मी तीन वर्षांची होते; तेव्हापासून ती वाढताहेत, आजही वाचली.