सव्वादोन मापाचं घर

आमचं घर इंदूच्या नजरेएवढं आहे. तिला जेवढं दिसतं तेवढंच ते असतं, त्यापलीकडे भिंत. लग्न होऊन ती गडहिंग्लजला आली तेव्हा घराला परस होतं, परसात पेरू होता आणि पेरूवर आमच्या आधी पोचणारे शेजारीही होते. मग तिची नजर कडेकडेनं कमी होत गेली तशा भिंती आत सरकल्या. आधी परस गेलं, मग माडीचा जिना, मग बांगड्यांचं कपाट. आवाज वगैरे काही झाला नाही. सकाळी उठावं तर एखादी खुंटी कमी असायची, एवढंच.

मी कासार आहे. बापजाद्यांपासून आम्ही बांगड्या भरतो, त्यामुळे गोल वस्तूचं माप घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. दर महिन्याला मी इंदूसमोर हातभर अंतरावर काहीतरी गोल धरतो आणि विचारतो, कड सगळी दिसते का? पहिल्या वर्षी परात दिसली. पुढे ताट, मग ताटली, मग वाटी. दिवाळीला बांगड्यांवर आलो. तेव्हा अडीचची दिसली, आता सव्वादोनची दिसते. त्याहून लहान मापं पोरीबाळींची. ती डबी मी अजून उघडलेली नाही.

माणूस लांब असलं की लहान होतं आणि लहान झालं की मावतं, हे इंदूच्या आमच्या आधी ध्यानात आलं. मी आणि केतकी, आमची लेक, एका वेळी दिसेनासे झालो त्या दिवशी ती एक पाऊल मागे सरली. मागे भिंत होती, तीही एक पाऊल मागे सरली. मग हे रोजचंच झालं. आता घर फुंकणीसारखं अरुंद आणि लांब आहे. त्या टोकाला ती पाटावर बसते, या टोकाला दाराशी आम्ही राहतो. तिला चहा न्यायचा तर वाटेत दोनदा निवतो, म्हणून मी स्टोव्हच बरोबर घेऊन निघतो. तिचं बोलणं पोचायलाही वेळ लागतो. भाजीत मीठ कमी आहे हे जेवणं उरकून भांडी घासताना कळतं.

गावात बोलतात, कासाराची बायको नवऱ्यापासून लांब गेली. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? ती आम्हा दोघांना मिळून बघता यावं म्हणून लांब गेली आहे. माझ्यावर एवढी माया दुसऱ्या कुणी केलेली नाही.

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका संशोधन केंद्रातून डॉक्टर सरंजामे आल्या. घराण्यात चालत येणाऱ्या डोळ्यांच्या आणि कातडीच्या आजारांचा त्या अभ्यास करतात. आदल्या दिवशी त्या वरच्या आळीत जाऊन आल्या होत्या. तिथल्या एका घरात आजापासून नातवापर्यंत सगळ्यांची कातडी खवल्यांसारखी सुटते. त्यातलं एक खवलं त्यांच्या वहीत पिंपळाच्या पानासारखं जपलेलं होतं. बर्फाची पेटी डोक्यावर घेऊन, अंग चोरत त्या इंदूच्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि दुपारी परत आल्या. घर असं का, हे त्यांनी विचारलं नाही. अशी घरं त्यांनी पाहिली असावीत.

मग त्यांनी आमची वंशावळ काढली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि ज्याला आजार त्याचा आकार शाईनं भरायचा. इंदूचा गोल भरला, तिच्या आजीचा भरला. मी इंदूचा आतेभाऊ, तेव्हा माझ्या चौकोनापासून तिच्या गोलापर्यंत त्यांनी दोन रेघा ओढल्या. मला वाटलं, दोन रेघा म्हणजे पक्कं लग्न. त्या म्हणाल्या, नाही, दोन रेघा म्हणजे नात्यातलं लग्न. हा आजार एका बाजूनं आला तर माणसाला काही होत नाही, तो नुसता वाहून पुढे नेतो. दोन्ही बाजूंनी आला तर दिसणं जातं. इंदूकडून केतकीला एक बाजू मिळालेलीच आहे. माझ्याकडून मिळाली का, ते रक्त सांगेल.

केतकीचं लग्न तिच्या मामाच्या मुलाशी, शिरीषशी ठरलेलं आहे आणि तिला तो आवडतो, हीच तर पंचाईत. डॉक्टरांनी आम्हा तिघांचं आणि शिरीषचं रक्त घेतलं. केतकीच्या गोलावर त्यांचं पेन थोडा वेळ थांबलं. तो रिकामाच ठेवून त्यांनी वही मिटली.

"गुरुवारी रिपोर्ट घेऊन येते," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत पुढचं काही करू नका."

मंगळवारी माझा मेहुणा वसंता, शिरीषचा बाप, आला. म्हणाला, बुधवारचा दिवस चांगला आहे, चुडा भरून घेऊ. मी रिपोर्टचं बोललो. त्यानं ऐकून घेतलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दाजी, उद्या पोरीला काय झालंच, तर परक्याच्या घरात तिला कोण सांभाळंल? आमच्यात असली तर चाचपडली तरी कोण हसणार न्हाई."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. तीस वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मामांनी, असाच गुडघ्यावर हात ठेवून ते म्हटलं होतं. तेव्हा इंदू दिवेलागणीला उंबऱ्याला अडखळायची आणि मला 'ए भालू' म्हणायची. मामांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हो म्हणालो होतो. मला त्याचा पश्चात्ताप नाही, एक दिवसही नाही. पण तेव्हा आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, की पोरीला जपायला आपण तिला जिथं ठेवतो, तिथंच तो आजारही तिची वाट बघत बसलेला असतो. आता मला ठाऊक होतं. तरी मी हो म्हणालो.

बुधवारी सकाळी इंदू आपल्या टोकाकडून निघाली. दोन वर्षांत पहिल्यांदा. जेवणवेळेला पोचली आणि माझ्या डाव्या अंगाला बसली. मी म्हटलं, अगं, इतक्या जवळून तुला काय दिसणार?

"लेकीचा हात दिसंल," ती म्हणाली. "आज तेवढा पुरे."

ती जवळ आली तशा भिंती आमच्या खांद्यांना येऊन टेकल्या. वसंता आणि शिरीष बाहेर राहिले. त्यांची बोलणी ऐकू येत होती, पण कुठून ते कळत नव्हतं. घरात आम्ही तिघं, हिरवा चुडा आणि तेलाची वाटी. इंदूच्या अंगाला अजून तोच शिकेकाईचा वास येतो, हे मला दोन वर्षांनी ती अशी खांद्याशी बसल्यावर कळलं आणि डोळे भरून आले. बाजारात मी कुणाच्याही देखत हसतो, पण रडायला घर लागतं.

चुडा भरून झाला की बाई कासाराला वाकून नमस्कार करते, मग ती पोटची लेक का असेना. नमस्कार झाला की झालं, भरलेला चुडा कासार परत काढत नाही. मी केतकीचा हात हातात घेतला. तेल लावून बोटं जुळवली, अंगठा आत दाबला. तिचा हात आईवर गेलाय. पहिली बांगडी मी मुठीच्या हाडापर्यंत आणली.

तेवढ्यात कुणीतरी भिंतीवर ठोठावलं.

"भालचंद्रराव, मी सरंजामे. रिपोर्ट एक दिवस आधीच आला. दार कुठे आहे तुमचं?"

दार होतं, पण इंदू त्या वेळी दाराकडे बघत नव्हती. ती लेकीच्या हाताकडे बघत होती आणि तिचा चेहरा इतका निवांत होता, की मान वळव म्हणायला माझी जीभ रेटेना. बांगडी वरही जाईना, मी ती खालीही घेईना. डॉक्टर ठोठावत राहिल्या.

केतकीनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग डोकं वळवून आईकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"आई, आप्पा," ती म्हणाली, "जरा चिकटून बसा की. तुम्ही दोघं एकदम दिसत न्हाई."

आम्ही सरकलो. इंदूचा खांदा माझ्या खांद्याला लागला. आता मधून वारासुद्धा गेला नसता.

केतकीनं नाही म्हणून मान हलवली आणि बसल्या जागची उठून ती एक पाऊल मागे सरली. तिच्या पाठची भिंतही एक पाऊल मागे सरली. बोटं मी सोडली नव्हती, म्हणून तिचा हात तेवढा लांब झाला. बांगडी मुठीवरच होती.

"आता?" इंदूनं विचारलं.

"थांबा," केतकी म्हणाली आणि आणखी एक पाऊल मागे गेली.