मादलेनच्या नासपती

"पांघरूण काढ," मादाम व्हेर्दिये म्हणाल्या.

आन्सेल्मने काढलं. पलंगावर पेंढा पसरून त्यावर साठेक नासपती ओळीने मांडल्या होत्या. सकाळी झाड रिकामं दिसलं, तशा बाई तरातरा माळ्याच्या खोलीत शिरल्या होत्या. मागे सिदोनी, स्वयंपाकीण.

आज संत मादलेनचा सण. वर्षातली ही पहिली नासपती तिच्याच नावाची, आणि दुपारी पॅरिसचे पाहुणे यायचे होते.

हिवाळ्यात थोरल्या बाई वारल्या आणि घर सुनेच्या, म्हणजे या मादामच्या, हाती आलं. फळं ठेवायची गार खोली त्यांनी फोटो धुवायला घेतली. मग आन्सेल्मने आपला पलंग फळांना दिला आणि स्वतः आठ दिवस फरशीवर झोपला. सांगायला हवं होतं. पण एकेचाळीस वर्षांत फळ कधी उतरवू, हे त्याने कुणाला विचारलंच नव्हतं. हीच त्याची चूक.

"झाडावर पिवळी झाली की ही आतून सडते, मादाम," तो म्हणाला. "आधीच उतरवावी लागते. आज मीच आणून देणार होतो."

"चोर तो चोर, वर शिरजोर. दुपारच्या आत खोली रिकामी कर."

सिदोनीला सगळं माहीत होतं. तिने तोंडात मिठाची गुळणी धरली. तिलाही पोट होतं.

टोपल्या आत गेल्या. आन्सेल्म गाठोडं घेऊन फाटकाबाहेर बसची वाट बघत बसला. जेवणघराच्या खिडक्या उघड्या होत्या. लोण्यासारखी विरघळते म्हणून पाहुणे वाखाणत होते, आणि बाई सांगत होत्या की असलं फळ वेळेवर तोडायला नजर असावी लागते.

थोड्या वेळाने सिदोनी लगबगीने फाटकाशी आली. म्हातारा उठून उभा राहिला. त्याने टोपीसुद्धा काढली.

"मादाम विचारतायत," ती खाली बघत म्हणाली, "पुढच्या वर्षी पेंढ्यात किती दिवस ठेवायच्या?"

"आठ. एकीला दुसरी लागू द्यायची नाही. देठापाशी अंगठ्याने दाबून मऊ लागल्या की वाढायच्या." त्याने घराकडे पाहिलं. "आणखी काही म्हणाल्या?"

"नाही."

"बरं. रोज सकाळी उलटायच्या, हे राहिलंच. तेवढं सांग."

सिदोनीने मान हलवली आणि आतून फाटकाला कडी घातली.