देवाचा हेवा

वैजयंतीने वाटीतल्या दुधावर फुंकर घातली, करंगळी बुडवून पाहिली आणि वाटी बाळकृष्णापुढे ठेवली. "सावकाश पी रं," ती म्हणाली. इकडे तिचा नवरा कमलाकर तापाने फणफणून पलंगावर पडला होता. त्याच्या कपाळावरची ओली पट्टी केव्हाच सुकली होती. देवाच्या दुधाची वेळ झाली म्हणून ती मध्येच उठून गेली होती.

कमलाकर जिल्हा परिषदेतून कारकून म्हणून निवृत्त झालेला. माणूस सरळ, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा. त्यांना मूल झालं नाही, पण त्यावरून त्याने बायकोला कधी शब्दानेही दुखवलं नव्हतं. मात्र मैंदर्गीच्या माहेराहून तिने आणलेला तो बोटभर पितळी बाळकृष्ण त्याच्या डोळ्यांत सलायचा. शेजारणीशी झालेली कुरबुर, गुडघ्याचं दुखणं, पहाटे पडलेलं स्वप्न, सगळं ती त्या देवालाच सांगायची. नवऱ्याला विचारायचं ते भाजी कोणती आणणार एवढंच. दाराआडून तिचा तो खालच्या पट्टीतला लाडिक आवाज ऐकू आला की कमलाकर हातातलं काम टाकून ऐकत उभा राहायचा. पण आपल्याला देवाचा हेवा वाटतो, हे सांगणार कुणाला?

ताप उतरल्यावर एके सकाळी ती आंघोळीला गेलेली पाहून त्याने बाळकृष्ण उचलला, सदऱ्याच्या खिशात घातला आणि अक्कलकोटची एसटी पकडली. तिथल्या एखाद्या देवळात ठेवून यायचं. देवाला देवाच्याच घरी सोडलं तर पाप कसलं, अशी त्याने मनाची समजूत घातली.

खिडकीतून ऊन थेट छातीवर येत होतं. वाटेतल्या कुंभारी गावापर्यंत खिशातलं पितळ चांगलंच तापलं. त्याने मूर्ती बाहेर काढून तळहातावर घेतली. रांगणारं पोर, एक हात वर उचललेला. रोजच्या आंघोळींनी नाकडोळे पुसट झालेले. इतक्या वर्षांत त्याने ते तोंड कधी नीट पाहिलंच नव्हतं. नकळत त्याने खिडकीशी रुमाल धरला आणि उतरेपर्यंत तो हात खाली घेतला नाही.

अक्कलकोटात एका लहानशा देवळाच्या पारावर त्याने मूर्ती ठेवली, हात जोडले आणि मागे वळला. तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्याने हटकलं, "ओ पावनं, ह्यो देव कुणाचा ऱ्हायला हितं?"

ठाऊक नाही म्हणायला कमलाकरने तोंड उघडलं, पण शब्द भलताच आला.

"माझाय."

म्हणताच त्याचे डोळे भरून आले. का, ते त्यालाही कळलं नाही. परत जाऊन त्याने मूर्ती दोन्ही हातांनी उचलली.

घरी पोचला तेव्हा वैजयंती रिकाम्या देव्हाऱ्यापुढे बसली होती. रडून तोंड सुजलं होतं. दिवसभरात तिने पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. त्याने मूर्ती तिच्या ओंजळीत दिली आणि काही न लपवता, सोडून यायला गेलो होतो, असं सांगून टाकलं. बोलणी खायची त्याची तयारी होती.

तिने पदराने बाळकृष्णाचं तोंड पुसलं. मग नवऱ्याकडे पाहत म्हणाली, "मला कदी न्हाई नेलं त्यानं कुटं. तुमच्यासंगं बरा गेला."

तिच्या आवाजात हेवा होता. कमलाकरने तो लगेच ओळखला.

"रडला का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग काय केलं? सगळं सांगा की."

ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली. मूर्ती मांडीवर, नजर मात्र त्याच्या तोंडावर. यापूर्वी तिने आपल्याकडे असं कधी पाहिलं होतं, त्याला आठवेना. तो सांगू लागला. खिडकी कुठल्या बाजूची होती, ऊन कसं होतं, शेजारी बसलेल्या बाईच्या टोपलीत काय काय होतं. बाहेर दिवे लागले. घरातला दिवा लावायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"मग फुडं?" ती मधूनमधून विचारत होती. पण कमलाकरला घाई नव्हती. त्याची एसटी अजून कुंभारीतच उभी होती.