डब्यातल्या चिठ्ठ्या

“अक्षरं पळतात म्हणतोस? मग धर की त्यांची शेपटी!” मास्तर म्हणाले होते, आणि अख्खा वर्ग खदखदून हसला होता. मास्तर जाऊन जमाना लोटला, तरी तो आवाज आज टांगलेल्या कपड्यांमधून पुन्हा आला, आणि शिंप्याचा हात खुंटीपाशीच थबकला.

शिवलेल्या प्रत्येक कपड्याला तो रंगीत दोरा बांधायचा. लाल दोरा, दोन गाठी म्हणजे डॉक्टरीणबाई. निळा, एक गाठ म्हणजे बँकेतले साहेब. आमच्या घराण्याची रीतच आहे ती, असं बायकोला सांगत आला होता. आज एकही दोरा दिसेना. तो बटणं आणायला गेला तेवढ्यात तिने मायेने दुकान आवरलं होतं. दोरे केरात गेले होते, आणि कपड्याकपड्याला नावाची चिठ्ठी टाचलेली होती.

समोर गिऱ्हाईक ताटकळत होतं. सख्ख्या भावांचे दोन काळे कोट, मापं उन्नीस-बीस. चिठ्ठ्यांवरची अक्षरं मुंग्यांसारखी वळवळू लागली. त्याने अंदाजाने एक कोट पुढे केला.

“काय उस्ताद, धाकट्याच्या कोटात मला कोंबता होय? नाव तर एवढं ठळक लिहिलंय.”

आपला कोट घेऊन गिऱ्हाईक हसत हसत गेलं.

कोपऱ्यात बायको काजं करत होती. ती खाली मानेनेच म्हणाली, “माझ्या अक्षराकडे बघूसुद्धा नये, असं काय केलंय हो मी?”

लग्न नवं असताना ती त्याच्या डब्यात चिठ्ठी ठेवायची. तो त्यावर कधी चकार शब्द बोलला नाही. एकदा ती दुकानात आली, तेव्हा तो तिच्या चिठ्ठीला मशीनच्या तेलाचे हात पुसत होता. त्या दिवसापासून चिठ्ठी आटली. चिठ्ठी आटली तसं बोलणं आटलं, बोलणं आटलं तसं हसू. संसार तेवढा चालत राहिला, बिनधाग्याच्या मशीनसारखा.

तो केराच्या टोपलीशी उकिडवा बसला. दोरे चिवडत राहिला. सगळे एकमेकांत गुंतले होते.

“मला वाचता येत नाही गं,” तो टोपलीलाच सांगितल्यासारखं म्हणाला. “कधीच आलं नाही.”

तिची सुई थांबली.

“काय लिहायचीस त्यात?”

तिने दोरा ओठांत ओला केला, सुईत ओवायला घेतला. तो काही केल्या ओवला जाईना.

“आता नाही आठवत,” ती म्हणाली.