ज्या आरशात उमराव दिसत नाही

मित्रांनो, माझ्यासमोर उभे राहून भांग पाडायला गेलात तर फजिती होईल. कडेला तुमचा कान दिसेल, खांदा दिसेल; मधोमध मात्र नुसता काळोख. मी एक जुना, पारा उडालेला आरसा आहे. तरीही आज माझ्याइतका मानाचा आरसा वसई तालुक्यात दुसरा नसेल. कसा, ते सांगतो.

माझी सागवानी चौकट पीटर सुताराने घडवली. चर्चमध्ये कोरीव काम करून त्याचा हात बसलेला, म्हणून माझ्याही कोपऱ्यांवर द्राक्षांचे घोस आले. गास गावच्या कृष्णाबाईच्या लग्नात मी तिच्या घरी गेलो. तिचा नेम मोडलेला मी कधी पाहिला नाही. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, देवापुढे दिवा. मग ओल्या फडक्याने मला पुसायचे आणि माझ्यात बघून कुंकू लावायचे. ताप असो, उपास असो, मला पुसल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे.

माझाही नेम होता. समोर येईल त्याला तो जसा आहे तसा दाखवायचा.

पण त्या ओल्या फडक्याचे पाणी रोज थोडे थोडे चौकटीत झिरपत गेले. खाडीची खारी हवा होतीच. पाऱ्याचे पोपडे सुटू लागले. मायेने पुसता पुसता तिने मला आंधळे केले, आणि बिचारीला ते कळलेही नाही.

एके सकाळी तिला स्वतःचे कपाळच दिसेना. ती घाबरली.

"अल्पेश," तिने नातवाला हाक मारली, "हा आरसा घरात नको. मानूस दिसत नाय त्यात. अवलक्षन हाय. दे भंगारात."

"बरं आजी. रविवारी सातिवलीला टेम्पो न्यायचाय, तेव्हा टाकतो."

रविवारी मी टेम्पोत चढलो. वाटेत अल्पेश नाटकाच्या तालमीला थांबला. टेम्पोत कोणी काच फोडू नये म्हणून त्याने मला हॉलमध्ये आणून भिंतीला टेकवले.

नाटक एका जुन्या परदेशी कादंबरीवरून घेतलेले होते. रक्त पिणारा उमराव, डोंगरावरचा पडका किल्ला, आपोआप मिटणारे दरवाजे, धुके, लांडगे, वटवाघळे, शवपेटी. अल्पेश उमराव. बँकेत नोकरी करणारी सुरुची दिग्दर्शिकाही आणि नायिकाही. गेल्या स्पर्धेत यांच्या गंभीर नाटकाला प्रेक्षक खो खो हसले होते. सुरुचीने सांगून टाकले होते, "यंदा लोक हसले तर मंडळाला कुलूप."

आणि तालीम तर हसण्यासारखीच चालली होती! धुक्यासाठी धूर सोडला, सगळे खोकू लागले. लांडग्याची आरोळी लावली, खालची कुत्री उत्तर देऊ लागली. छत्रीच्या कापडाचे वटवाघूळ पंख्यात अडकले. मग आला आरशाचा प्रसंग. नायिका केस विंचरते, उमराव मागे येतो, पण आरशात तो दिसत नाही. भाड्याने आणलेल्या कोऱ्या करकरीत आरशात अल्पेश डोक्यापासून पायापर्यंत दिसला.

"उमराव," प्रकाशयोजना करणारा स्टॅनी ओरडला, "आलाच आहात तर दाढी करून घ्या!"

सगळे हसले. सुरुची मटकन खाली बसली.

"किल्ला, धुकं, पेटी, सगळं लांबचं आहे रे," ती म्हणाली. "आपल्या घरातला रोजचा आरसा खोटं बोलला, तर खरी भीती. तेवढंच जमत नाहीये."

ती उठली आणि विस्कटलेले केस सारखे करायला माझ्याकडे वळली. माझ्या कडेला तिचा चेहरा उमटला. तेवढ्यात काळा झगा घातलेला अल्पेश तिची समजूत घालायला मागे आला. "जमेल गं, सुरुची."

आवाज कानाशी. आरशात तिच्या मागे कोणीच नाही, नुसता काळोख.

तिची किंकाळी ऐकून स्टॅनीच्या हातातला चहा सांडला. सुरुचीने वळून अल्पेशला पाहिले, मला पाहिले आणि तिचे डोळे चमकले.

"हा कुठून आणलास?"

"आजीचा आहे. भंगारात चाललाय."

"भंगारात तू जा! हा इथेच राहील."

स्पर्धेतल्या प्रयोगाच्या दिवशी तिने धूर, लांडगे, वटवाघूळ सगळे काढून टाकले. रंगमंचावर एक दिवा आणि मी. पहिल्या रांगेत कृष्णाबाई, हातात जपमाळ. मला ओळखून ती चपापली. सुरुची केस विंचरू लागली. उमराव मागे येऊन उभा राहिला. माझ्यात ती होती, तो नव्हता.

"पोरी, मागं बघ!" कृष्णाबाई उठून ओरडली. "त्यात दिसत नाय तो!"

मित्रांनो, कोणीही हसले नाही. मागच्या रांगेतल्या बायांनी मुलांना पोटाशी धरले. आणि पडदा पडल्यावर अशा टाळ्या उठल्या की माझी काच थरथरली.

पहिले बक्षीस देताना परीक्षकांनी विचारले, "हा आरसा कोणाचा?"

अल्पेश तोंड उघडणार, तोच पहिल्या रांगेतून ठणठणीत आवाज आला, "माझा हाय! रोज मीच पुसते त्याला."

आता मी पुन्हा घरी आहे, आणि ओल्या फडक्याने पारा सुटतो हे अल्पेशने सांगितल्यापासून कृष्णाबाई मला कोरड्या फडक्याने पुसते. तुम्हीही तुमच्या घरच्या आरशाला तसेच जपा, मित्रांनो. आणि एखादी वस्तू जुने काम करीनाशी झाली, तर तिला अवलक्षणी म्हणून बाहेर काढू नका. चार माणसांत नेऊन ठेवा. काय सांगावे, तिचीच वाट बघत कोणी बसले असेल.

आज आमचा पुढचा प्रयोग आहे. टेम्पोत मला गादी घातली आहे, आणि उमराव मला धरून उभा आहे.